बेंद्र्यांचं इंदूर भिंतीवरून उतरवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्यावरचा लेख वाचला आणि फार बरं वाटलं. बडोद्यातली त्यांची कारकीर्द, १९६९ची पद्मश्री, निधनाच्या वर्षी, म्हणजे १९९२ साली मिळालेलं पद्मभूषण, सगळं नीट आलं आहे. इंदूर मात्र एका वाक्यात उरकलं: १९१० साली इथे जन्म, इथेच सुरुवातीचं कलाशिक्षण. ते खटकलं. चित्रकाराची नजर जिथे घडते तिथे एवढ्या घाईनं पुढे जाऊ नये, म्हणून हे पत्र. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहे आणि निसर्गचित्र हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

दत्तात्रेय दामोदर देवलालीकरांनी १९२७ साली इंदुरात चित्रकलेची शाळा उभी केली. बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर त्यांचे विद्यार्थी. मकबूल फिदा हुसेनही काही काळ त्यांच्याकडे शिकले. या नावांची यादी आपण इंदूरकर नेहमी अभिमानानं सांगतो, पण तिथे शिकवलं काय जायचं हे फारसं बोलत नाही. देवलालीकर मुलांना बाहेर काढायचे. नदीकाठी, गल्लीत, देवळाच्या पायरीवर बसवून समोर दिसतं ते रंगवून घ्यायचे. पॅरिसमध्ये १८७४ साली मोने आणि त्याच्या सोबत्यांनी ज्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरवलं, त्यांचा धडा इथे माळव्याच्या उन्हात गिरवला जात होता. वस्तूचा ठरीव रंग विसरा, त्या घडीला प्रकाशात ती जशी दिसते तशी मांडा, हा तो धडा.

पण इंदूरच्या मुलांनी त्याची नक्कल केली नाही. आपल्याकडचं ऊन वेगळं. वैशाखात दहा वाजले की चुन्याच्या भिंती डोळ्यांवर येतात आणि सगळे रंग फिके पडतात. काम करायचं ते सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात, तेही तास-दीड तासात, कारण तेवढ्यात सावली सरकलेली असते. त्याला जोड मिळाली अपारदर्शक जलरंगाची. तो पटकन सुकतो, पांढरा मिसळून वर दुसरा हात देता येतो. मात्र ओला असताना जो गडद दिसतो तो सुकल्यावर फिकट होतो, म्हणजे हिशेब आधीच डोक्यात हवा. मी वर्गात हे शिकवताना मुलं हमखास वैतागायची. ज्याला तो हिशेब जमला त्याचा हात आयुष्यभर ठाम राहतो.

आमच्या नात्यातल्या एका घरी, रामबागेत, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचं, म्हणजे नदीकाठच्या होळकरांच्या दगडी स्मारकांचं, एक जुनं चित्र आहे. वहीच्या पानाएवढं. सही नाही, घरातले एक काका देवलालीकरांच्या शाळेत जायचे, त्यांचं, एवढंच ठाऊक. कागद मुळातच बदामी रंगाचा. छत्रीच्या दगडावर ऊन पडलंय तिथे रंग इतका जाड की ब्रशचे केस उमटलेत. सावली निळसर जांभळी, काळा रंग शोधून सापडत नाही. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे चार आडवे फटकारे. धुणं धुणारी बाई नुसते दोन ठिपके, एक लाल, एक तपकिरी, आणि तरी ती वाकलेली आहे हे कळतं. खालच्या कोपऱ्यात तर काही रंगवलेलंच नाही, उघडा कागदच घाटाची फरशी झाला आहे.

अशी चित्रं इंदूरच्या मराठी घरांत अजून आहेत, याची मला खात्री आहे. नाव असलेली जपली जातात. बिनसहीची वाडा पाडताना रद्दीत जातात, हे मी पाहिलं आहे. मला ती तितकीच मोलाची वाटतात, कारण ही शैली एकट्या बेंद्र्यांची नव्हती, एका अख्ख्या वर्गाची होती. बेंद्रे पुढे १९३६ ते १९३९ काश्मीरला राहिले, अमेरिकेला जाऊन आले, १९५० ते १९६६ बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवलं, घनवादापासून (क्यूबिझम) अमूर्तापर्यंत सगळं करून पाहिलं. उतारवयात ते शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्र उभं करू लागले. माझ्या मते त्या ठिपक्यांचं मूळ इथल्या नदीकाठच्या सकाळींत आहे. आणि देवकृष्ण जोशी तर माळवा-निमाडातच रमले. नर्मदेचे घाट त्यांनी ज्या ताकदीनं रंगवले, त्यासाठी त्यांच्यावर स्वतंत्र लेख हवा. तो जरूर छापा.

शहराचा म्हणूनही हा दस्तऐवज आहे. १९८४च्या आगीत राजवाड्याचा मोठा भाग गेला. कान्ह नदीचं काय झालं ते आपण रोज पुलावरून जाताना पाहतो. त्याआधीचं पाणी, त्याआधीचे लाकडी सज्जे, त्यांवरचं ऊन या कागदांवर रंगात टिकून आहे. तेव्हाचे फोटो काळे-पांढरे आहेत.

म्हणून दोन विनंत्या.

वाचकांना: घरात असं चित्र असेल तर या पावसाळ्याआधी भिंतीवरून उतरवून मागून बघा. रंगाला काच थेट टेकलेली असेल तर दमट हवेत रंग काचेला चिकटतो आणि पापुद्रे निघतात. मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीची, फट हवी. तसं चिकटलेलं दिसलं तर स्वतः ओढून काढू नका, जाणकाराला दाखवा. मागे जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र लावलेलं असेल तर त्यानं कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो, ते बदलून घ्या. ओल येणाऱ्या भिंतीवर पुन्हा टांगू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या: कुणी काढलं, कुठे बसून काढलं. ते मागच्या बाजूला साध्या पेन्सिलीनं लिहून ठेवा.

आपल्याला: रविवारच्या पुरवणीत आठवड्याला असं एक चित्र छापा, वाचकांनी पाठवलेल्या फोटोवरून, सही असो वा नसो. सोबत त्याच जागेचा आजचा फोटो आणि चित्राची लांबी-रुंदी. रामबाग, छत्रीबाग, लोकमान्यनगर इथल्या जुन्या घरांतून सुरुवात करता येईल. जागा ओळखण्याच्या कामात मी आणि माझे काही जुने सहकारी आनंदानं मदत करू. वर लिहिलेल्या कृष्णपुऱ्याच्या चित्राचा फोटो, घरच्यांच्या परवानगीनं, या पत्रासोबत पाठवला आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
इंदूर