मोत्यांची कालवे पोखरणारा स्पंज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेततळ्यात मोती-पालन करू पाहणारे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे शेतकरी ‘शिंपल्यांना स्पंजाचा रोग लागतो का?’ असे विचारतात. तो स्पंज म्हणजे समुद्रातला, क्लायोना नावाचा, कवच पोखरणारा प्राणी. गोड्या पाण्यात तो जगत नाही, त्यामुळे आपल्या तळ्यांतल्या लॅमेलिडेन्स शिंपल्यांना त्याची भीती नाही. गोड्या पाण्यातले स्पंज कवचाला चिकटतात, पोखरत नाहीत.

तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातल्या मोत्यांच्या कालवांवरचे, म्हणजे मोती देणाऱ्या समुद्री शिंपल्यांवरचे, संकट मात्र खरे आहे. या स्पंजाला परजीवी म्हणतात, पण तो कालवाचे मांस खात नाही. अन्न तो पाण्यातून गाळून घेतो. कवच त्याला राहायला हवे असते. त्याच्या पेशी चुना विरघळवत बारीक कपचे सुटे करतात. वरून दिसतात ती एक-दोन मिलिमीटरची भोके आणि त्यांतले पिवळे ठिपके. आतून मात्र कवच वाळवी लागलेल्या चौकटीसारखे पोकळ झालेले असते. भोक आत फुटू लागले की कालव मोत्याचा थर चढवून ते बुजवते. ताकद त्यातच जाते, मांस रोडावते, कवच ठिसूळ होते, शिकारी माशांचे फावते. जुन्या कालवांत हे जास्त. याच आखातावरच्या तुतिकोरिनला शेवटची मोती-मासेमारी 1961 साली झाली. पण साठा आटल्याचा सगळा दोष स्पंजाच्या माथी मारणे चूक. वाळू सरकून कालवे गाडली जाणे हेही जुनेच कारण आहे.

पालनातल्या कालवांवर उपाय आहे. चिकटलेली घाण खरवडून कवचाला बाहेरून 1 टक्का फॉर्मॅलिन ब्रशने लावतात, म्हणजे एक लिटर पाण्यात 10 मिलिलिटर. कालव घट्ट मिटलेले असावे, हातमोजे हवेतच, आणि नंतर समुद्राच्या पाण्याने स्वच्छ धुवावे. तळावरच्या रानटी कालवांना ब्रश कोण लावणार? म्हणून तिथे पथ्य एकच: बाधित कालवे एका जागेवरून दुसरीकडे नेऊ नयेत आणि सोडायचे बीज, म्हणजे कालवांची पिल्ले, उबवणी केंद्रातले, तपासलेले असावे. 1981 सालापासून तुतिकोरिनला असे बीज तयार करता येते.

कालव मेले तरी त्याच्या कवचात स्पंज जगत राहतो. रिकामी कवचे पाण्यात परत टाकणे ही सर्वांत वाईट सवय. ती किनाऱ्यावर कडक उन्हात वाळवावीत किंवा चुनाभट्टीला द्यावीत. आणि कारवारहून समुद्री कालवे आणून तळ्यात सोडा, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. ती गोड्या पाण्यात मरतात.

आपले,
मत्स्यपालनाशी संबंधित काही वाचक,
बेळगाव