नुसता करंट सोडून न्यूरॉन फसत नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मेंदूवरच्या लेखांत स्मरणशक्ती, झोप, ताण हेच फिरून फिरून येतं, ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या बुंध्यातल्या) ऐकण्याच्या न्यूरॉन्सबद्दल, म्हणजे मज्जापेशींबद्दल, कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे कळायला दोन कानांमधला वेळेचा फरक उपयोगी पडतो, माणसात तो जास्तीत जास्त ६०० ते ७०० मायक्रोसेकंद, आणि आपल्याला त्यातला १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा बदलही जाणवू शकतो! आता हा फरक ओळखणारा न्यूरॉन स्लाइसमध्ये (मेंदूच्या पातळ कापात) घेऊन पॅच क्लॅम्पने, म्हणजे पेशीला काचेच्या बारीक नळीचा इलेक्ट्रोड चिकटवून, तपासायचा तर कानाकडून येणारी वायर तुटलेली, मग सिग्नल खोटा द्यावा लागतो. नुसता ठरलेला करंट सोडला तर काम अर्धवटच, कारण खरा सिनॅप्स (दोन न्यूरॉन्समधला सांधा) पेशीच्या पडद्यातले चॅनल, म्हणजे बारीक दारं, उघडतो, म्हणजे कंडक्टन्स (वीज वाहू देण्याची क्षमता) वाढवतो, आणि करंट किती वाहणार ते त्या क्षणाच्या व्होल्टेजवर ठरतं, शिवाय पडदा गळका झाल्याने न्यूरॉन आणखी फास्ट होतो ते वेगळंच. यावर तोडगा म्हणून १९९३ पासून डायनॅमिक क्लॅम्प ही पद्धत आहे, त्यात कॉम्प्युटर व्होल्टेज वाचून सेकंदाला हजारो वेळा करंट नव्याने काढून सोडतो. पण हे सगळं इलेक्ट्रोडच्या टोकाशी, सहसा सेल बॉडीत (पेशीच्या मुख्य भागात), डेंड्राइटवरच्या (पेशीच्या फांद्यांवरच्या) सिनॅप्सची नक्कल त्यात नीट येत नाही, हे कौतुकाच्या भरात राहून जातं. विज्ञान पुरवणीत यावर एखादं पान द्या ना, आकृतीसकट.

एक वाचक