शेवाळाच्या औषधाविषयी

ठाणे, १२ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीची छायाचित्रे मिळाली. मागच्या खडकावरचे पिसासारखे हिरवे शेवाळ ब्रायोप्सिसच असावे, असे मलाही वाटते. त्यावर तू औषधाची बाटली मागवली आहेस हे वाचून तातडीने लिहायला बसलो. तिचे बूच अजून उघडले नसशील तर उघडू नकोस.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या २०० लिटरच्या टाकीत असेच एक शेवाळनाशक घातले होते, तेही घटक न छापलेल्या बाटलीतले. तिसऱ्या दिवशी शेवाळ पांढुरके पडले, तेव्हा मी घरभर कौतुक सांगत फिरलो. त्याच संध्याकाळी स्किमरचा, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून घाण फेसासोबत बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, पेला भरून फेस कपाटातल्या वायरींवर सांडू लागला, म्हणून मी स्किमरच बंद केला. पहाटे चारला क्लाउनफिशची जोडी पृष्ठभागाशी धापा टाकत होती आणि क्लीनर कोळंबी वाळूत आडवी पडली होती. मेलेले शेवाळ टाकीबाहेर जात नाही. ते तिथेच कुजते, त्यातला नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात परत येतो आणि कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रात्री दिवे बंद असताना त्यात भर घालणारे प्रकाशसंश्लेषणही थांबलेले असते, आणि हवा खेळवणारे यंत्र तर मीच थांबवले होते.

तांब्याची औषधे तर टाकीजवळही आणू नकोस. गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ त्याने मरतात आणि तांबे खडकात व वाळूत मुरून राहते. लाल बुळबुळीत थरावर लोक एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घालतात, कारण तो थर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू असतात. पण अमोनिया पचवणारे आपले कामाचे जिवाणूही शेवटी जिवाणूच.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल चालते, हे मला मान्य आहे. माणसाच्या बुरशीवरचे हे औषध हौशी मंडळी लिटरमागे ५ मिलिग्रॅम या मात्रेने, औषध शोषून घेणारा गाळणीतला कार्बन काढून ठेवून वापरतात आणि प्रवाळ ते बहुधा सोसतात. परंतु शेवाळाचा ढीग तसाच ठेवून ते घातलेस, तर माझ्या त्या पहाटेची पुनरावृत्ती होईल. म्हणून आधी तो खडक बाहेर काढ, टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत धरून जुन्या टूथब्रशने घास आणि ते पाणी फेकून दे. टाकीत घासलेस तर तुटलेले तुकडे दुसरीकडे रुजतील. टाकीत भरायच्या आर.ओ.च्या पाण्याचा टीडीएसही (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोज, कारण शेवाळाला खाद्य तिथूनही मिळते. माझ्याकडे आर.ओ.चा गाळणारा पडदा खराब झाल्यामुळे तो ४० वर गेला होता आणि मी महिनाभर शेवाळाचा दोष माशांच्या खाण्याला देत होतो.

रविवारी मी पुण्याला येतोच आहे. हवेचा पंप आणि फॉस्फेटचे चाचणी-किट बरोबर आणतो. औषध घालायचेच ठरले, तर पंप लावून, दोघे मिळून घालू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश