ताई, त्या सुईबद्दल

प्रिय ताई,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

कुंभाराच्या चाकावर माझा हात कधी बसलाच नाही. तुम्ही ते माझ्याआधी ओळखलंत. एक दिवस अर्धवट वाळलेली ताटली पुढ्यात ठेवलीत, तिला काळ्या स्लिपचा, म्हणजे पातळ रंगीत मातीचा, थर दिलात आणि हातात सुई देऊन म्हणालात, ‘ओरखड.’ चित्रकला येत नाही, ही माझी सबब ऐकूनही घेतली नाहीत. कागद पेन्सिलीला निमूट वाट देतो. माती मात्र अडते, सुई धरून ठेवते. त्या अडण्यामुळेच माझी थरथरती रेघ ठाम झाली. काळ्याखालून मातीचा मूळ रंग निघाला तेव्हा मी चक्क ओरडले होते. या कामाला स्ग्राफिटो म्हणतात, हे त्यानंतर कळलं.

वेळ ओळखायला शिकवलंत, हे सगळ्यात मोठं. थराची ओली चकाकी गेली आणि बोटाला रंग लागेनासा झाला की सुरुवात करायची. माती फार ओली असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंना कड उभी राहते, फार वाळली तर टवके उडतात. ओला चुरा झटकायचा नाही, तो रेघेतच चिकटतो. पूर्ण वाळल्यावर मऊ कुंचल्याने झाडायचा. स्लिप शक्यतो त्याच मातीची करायची, म्हणजे दोन्ही सारखीच आकसतात आणि थर सुटत नाही. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, पातळ हवं, नाहीतर बारीक रेघा बुजतात. (यातलं निम्मं तरी तुम्ही चहा पिता पिता सांगितलंत.)

चीनमध्ये सोंग काळात (९६०–१२७९) त्सचौच्या भट्ट्यांवर पांढऱ्या थरावर काळा थर देऊन फुलं-पानं कोरत. त्या सुरया देखण्याच आहेत, पण मला भिडली ती तुम्ही दाखवलेली कुंभारकलाकार ल्यूसी री (१९०२–१९९५) यांची भांडी. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात पक्ष्यांच्या हाडांनी ओरखडलेली कांस्ययुगातली भांडी पाहून त्यांनी सुई हाती घेतली. त्यांच्या वाडग्यांवर ना फूल ना पान, नुसत्या रेघा! चित्र न येणाऱ्या विद्यार्थिनीला नेमकं हेच दाखवावं, हे तुम्हालाच सुचलं.

मनापासून आभार, ताई. आणि पुढची भट्टी लावाल तेव्हा वरच्या फळीवर थोडी जागा ठेवा. माझ्या ताटल्या वाळत आल्या आहेत.

तुमची,
चाकाला रामराम ठोकलेली विद्यार्थिनी