अर्थिंग बघितल्याशिवाय माईकला तोंड लावू नकोस

चि. रेणूस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवून दिलास. गाताना माईक ओठाला लागला की झिणझिण्या येतात, हे तू हसत सांगितलंस. वर म्हणालीस, स्पीकरमधलं हमिंग जावं म्हणून मंडपवाल्यानं तुझ्या गिटारच्या अ‍ॅम्पच्या टॉपची, म्हणजे प्लगची, तिसरी अर्थिंगची पिनच काढून टाकली. आता डोकं शांत आहे, म्हणून लिहितो.

खरं तर तुमच्या गाण्यांच्या यादीबद्दल लिहायचं होतं. यादी चांगली झाली आहे. 'वुई गॉट द बीट' पहिलंच ठेवलंत ते योग्य केलंत. ते ड्रमवर सुरू होतं, त्यामुळे आवाज लागायच्या आत साउंडवाल्याला ड्रम-बासचा अंदाज येतो. मोठे काका 'ऑर्केस्ट्रात गेली' म्हणतात, त्यांना म्हणू दे. ते गाणं ज्यांचं, त्या गो-गोज बँडच्या पाच जणींनी गाणी स्वतः लिहिली, वाद्यं स्वतः वाजवली आणि १९८२ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत सहा आठवडे पहिल्या नंबरावर होता. त्याआधी बायकांच्या अशा कुठल्याही बँडला ते जमलं नव्हतं. त्यांच्याही आधी, १९७० मध्ये, फॅनी बँडनं मोठ्या कंपनीकडून रॉकचा अल्बम काढला. त्यातल्या मिलिंग्टन बहिणी मूळच्या फिलिपिन्सच्या. कोणी हसलं तर ही नावं सांग.

पण ती पिन. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, आणि माईकची जाळी मिक्सरच्या पत्र्याला. हात तारांवर आणि ओठ माईकवर ठेवलेस की दोन यंत्रांमधली वायर तूच होतेस. दोन्हींना नीट अर्थिंग असेल तर काही होत नाही. एकाची पिन काढली की गळतीचा करंट पत्र्यावर येतो; झिणझिण्या त्याच्याच. आत फेज सुटून पत्र्याला टेकला तर मात्र सरळ २३० व्होल्ट, तेही छातीतून. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारवाला लेस हार्वे स्टेजवर असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागला, एवढंच झालं.

तुमचा कार्यक्रम हिंगोलीला, उघडं मैदान आहे आणि एप्रिल महिना. आपल्याकडची काळी जमीन तेव्हा भेगाळलेली असते, अर्थिंगची सळई कोरड्या मातीत नुसती उभी राहते. आदल्या संध्याकाळी खड्ड्यात मिठाचं पाणी सोडायला सांग. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. टॉप न लावता दोन उघड्या वायरी काडी खुपसून बसवलेल्या दिसल्या तर वाजवू नका. हमिंग आलं तर डीआय बॉक्सवरचं (गिटारचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते सिग्नलची जमीन तोडतं. मेनची, म्हणजे विजेच्या प्लगची, जमीन कधीच तोडायची नाही.

पुन्हा शिकवायला लागलो. रागावू नकोस.

पोस्टरवर एकट्या गाणारीचाच फोटो छापला म्हणून तुमच्यात बोलणं बंद आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. बँगल्स या चौघींच्या बँडचं आठवून बघा. 'वॉक लाइक अ‍ॅन इजिप्शियन'मध्ये तिघींनी एकेक कडवं गायलं. ड्रमवाल्या डेबी पीटरसनला कडवंही नाही आणि रेकॉर्डिंगला ड्रमही मशीनचे. गाणं पहिल्या नंबरावर गेलं, पण तिला ते लागलं. त्यात छापून यायचं ते सगळं त्यांच्यातल्या एकीभोवती, गाणाऱ्या सुझाना हॉफ्सभोवती. त्यांचं 'इटर्नल फ्लेम' पहिल्या नंबरावर पोचलं ते १९८९ साल, आणि त्याच वर्षी बँड फुटला. तेव्हा पुढच्या पोस्टरवर चौघी घ्या आणि तुमच्या ड्रमवालीला एक गाणं द्या. 'चेरी बॉम्ब' तिच्या आवाजाला बसेल. रनअवेज बँडची जोन जेट आणि त्यांचा निर्माता किम फाउली यांनी ते नव्या गायिकेच्या चाचणीसाठी तिथल्या तिथे रचलं होतं, फार वरचे सूर त्यात नाहीत.

ड्रमवालीला मात्र गाताना हेडसेट माईक नको, स्टँडचाच दे, आणि तिच्याही माईकची जाळी तपासून घे. बघ, पुन्हा तिथंच आलो. आज तुझी आजी म्हणाली, पोरीला गाऊ दे, तू वायरी मोजत बस. तेच करतोय.

जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल वेगळ्या सळईनं जमिनीला बांधला आहे का ते विचार. तो बांधलेला नसेल तर तीस मिलिअ‍ॅम्पिअरची ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) असून नसल्यासारखी. तिचं टेस्टचं बटण तरीही खटका पाडतं, त्याच्यावर विसंबू नकोस.

साउंड चेकच्या आधी मल्टिमीटर एसीच्या ७५० वर ठेव. मीटरची एक काडी गिटारच्या तारेला, दुसरी माईकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट आले तर गा. वीस-तीस आले तर गिटार ठेव आणि मला फोन कर, मी निघतो. लोक ओरडले तर ओरडू देत. माईकवर फोमची टोपी असू दे, ओठ जाळीला लागणार नाहीत.

मीटर बबन्याच्या हाती पाठवलंय.

तुझे,
बाबा

ता. क. मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी जुनी आहे. उतरली की आकडे चुकतात, नवी घालून मग जा.