गोठा रिकामा केला, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर बाबा चिडले असते आणि मला पुढचं बोलवलं नसतं, म्हणून लिहिते. कपिला बंडूकाकांकडे दिली आहे. विकलेली नाही, दिली आहे. गोठा रिकामा केला. गणपती यंदा काकांकडे बसतील, आणि दिवाळीपर्यंत तुम्ही दोघं पुण्यातच. हे मी निघतानाच ठरवलं होतं. राग येईल, येऊ दे.

पण बाबा, माळ्यावरचा पेंढा तुम्ही बघायला हवा होतात. वरची पेंढी ओढली आणि खालून राखाडी-हिरवी पूड भस्सकन उडाली. काका पंचा नाकाला लावून मागे सरले. असल्या कुजक्या पेंढ्यात, खतात, पाचोळ्यात ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते. तिचे कण दोन-तीन मायक्रॉनचे, थेट फुप्फुसात खोलवर जातात. माझ्या अंगात गेले तर माझ्या पेशी ते संपवतात. तुमच्या पेशींना आपणच टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड देऊन गप्प बसवलंय, आईची किडनी त्यांनी परकी समजू नये म्हणून. किडनी बसवल्यावर पहिले सहा महिने जास्त जपायचे ते यासाठीच. २०२१ मध्ये कोविडनंतर काळी बुरशी झाली, त्यातल्या बहुतेकांची साखर वाढलेली होती किंवा स्टेरॉइड चालू होती. तुमचं सध्या दोन्ही आहे.

कपिला खाते आहे नीट. काकू तिला हाक मारून पेंड घालते. तुमची आरामखुर्ची आणि ट्रान्झिस्टर घेऊन येते आहे, आईचं मेतकूट आणि कुळथाचं पीठही. खुर्ची तिकडे खिडकीशी ठेवू, सकाळचं ऊन येतं तिथे. काकू पपनसं पिशवीत भरत होती, ती मी काढून ठेवली. पपनसाने टॅक्रोलिमस रक्तात वाढतं.

मला डांग्या खोकला झाला होता तेव्हा बाबा, तुम्ही रात्र-रात्र मला खांद्यावर टाकून पडवीत फिरायचात. आई मागे काढा घेऊन. मला श्वास लागलेला तुम्हाला बघवायचा नाही. आता मलाही बघवत नाही हो.

आता ऐका. गुरुवारी बाल्कनीला जाळी लावायला माणूस येईल. तो कबुतरांची घाण काढेल तेव्हा बाबा, आतल्या खोलीत, दार लावून. त्या घाणीतही बुरशी असते. आई, तूही झाडू हातात घ्यायचा नाहीस, तुझं पोट अजून दुखतं हे मला ठाऊक आहे. बाबांच्या मांडीवरच्या नायट्यासाठी मेडिकलमधून गोळी आणायची नाही. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, या दोन्हींनी टॅक्रोलिमसची पातळी वाढते आणि किडनीवर ताण येतो. आधी डॉक्टरांना फोन. खोकला, बारीक ताप, एका बाजूचा गाल सुजणं, नाकातून काळं येणं, यातलं काहीही दिसलं तर माझी वाट न बघता रिक्षा करून हॉस्पिटल. स्टेरॉइडमुळे ताप फारसा चढत नाही, तेव्हा "नव्याण्णवच आहे" म्हणून बसू नका.

सोमवारी रक्त तपासायला द्यायचंय. सकाळची टॅक्रोलिमस त्याआधी घ्यायची नाही. डबी बरोबर न्या, रक्त देऊन झालं की तिथेच घ्या. आई, डबी तुझ्या पर्समध्ये ठेव, बाबांच्या खिशात नको.

तुमची,
मनी