खुले पत्र : ‘प्रतिसाद नाही’ असं लिहून देणाऱ्या मुख्याधिकारी साहेबांना

मा. मुख्याधिकारी तथा प्रशासक, नगरपरिषद यांस,
सप्रेम नमस्कार.

मी याच गावातला निवृत्त क्रीडाशिक्षक. एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली. गेल्या १५ ऑगस्टला उद्यानात वृक्षारोपण झालं, तेव्हा आपण माझा हात हातात घेऊन म्हणाला होतात, “सर, पुढच्या उन्हाळ्यात आपला जलतरण तलाव सुरू झालेला असेल. पहिली उडी तुमची.” चार लोकांसमोर म्हणाला होतात, म्हणून मी ते खरं मानलं. इतकं खरं मानलं की पुण्याच्या मुलीला फोन करून सांगितलं, नातवाला सुट्टीत इकडेच पाठव, मी त्याला पोहायला शिकवतो.

आज १० मे २०२५. तलावाच्या गेटला कुलूप आहे. आणि गेल्या मंगळवारी दुपारी माझा नातू गावाबाहेरच्या खदानीत बुडता बुडता वाचला.

गल्लीतल्या पोरांबरोबर गेला होता. अकरा वर्षांचा आहे. खदान म्हणजे नदी नव्हे, साहेब. नदीला काठ असतो, पाय टेकायला वाळू असते. खदानीला सरळ तोडलेली कडा असते, धरायला गवताची काडीही नसते, आणि दोन पावलांवर एकदम दोन पुरुष पाणी. शेजारच्या वीटभट्टीवरच्या दोन मजुरांनी आपले दुपट्टे एकमेकांना बांधून खाली सोडले. पोरांनी आरडाओरडा केला म्हणून त्यांना कळलं. बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याखाली असतं त्याचं. मी हे तीस बॅचना शिकवलं आणि माझ्याच घरच्या पोराला शिकवायचं राहून गेलं.

मी पोचलो तेव्हा तो दगडावर बसून थरथरत होता. भर उन्हात. माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. ते मजूर नसते तर मी त्या कड्यावर उभा राहून नुसता बघत राहिलो असतो. चार रात्री झाल्या, मला झोप नाही. बायकोची बीपीची गोळी वाढली. मुलीला अजून सांगितलेलं नाही. ती हे पत्र वाचून समजेल, तर समजू दे.

आता आपल्या कागदाविषयी. मार्चमध्ये मी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारलं होतं की तलाव आणि उद्यानातलं उन्हाळी शिबिर यंदा का नाही. कायदा ३० दिवस म्हणतो. उत्तर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं, आणि त्यात एकच ओळ होती : “उन्हाळी उपक्रमांस नागरिकांचा प्रतिसाद अत्यल्प असल्याने सदर बाब विचाराधीन नाही.”

प्रतिसाद अत्यल्प! कुणी मोजला? कधी मोजला?

उद्यानाच्या फाटकावर पाटी आहे : वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६. विदर्भात, मे महिन्यात! भर दुपारच्या ज्या तासांत सरकारच लोकांना सांगतं की घराबाहेर पडू नका, त्या तासांत आमचं उद्यान उघडं. माणसं पहाटे पाचला फिरायला निघतात, तेव्हा बंद. संध्याकाळी साडेसहानंतर घराच्या भिंती भट्टीसारख्या तापतात, लेकरांना घेऊन आया बाहेर पडतात, तेव्हा चौकीदार किल्ली घेऊन घरी गेलेला. दुपारी तरी कोण येईल? सावली होती ती पाच कडुनिंबांची. ते तोडून तिथं पेव्हर ब्लॉक बसवले आणि फायबरचं हरीण उभं केलं. त्या ब्लॉकवर अनवाणी पाय ठेवून बघा एकदा दोन वाजता. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत शेकड्यांनी माणसं गेली, तेव्हा त्या शहरानं धडा घेतला आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आपण झाडं तोडली.

आणि हजेरीच हवी असेल तर ती मी घेतली आहे. बुधवारी आणि गुरुवारी सकाळी मी खदानीवर जाऊन बसलो, कुणी पाण्यात उतरू नये म्हणून. पहिल्या दिवशी २६ मुलं आली, दुसऱ्या दिवशी ३१. त्यांतली बरीचशी माझ्याच विद्यार्थ्यांची मुलं. मी हाकललं की पलीकडच्या बाजूनं उतरायची. गावात प्रतिसाद आहे, साहेब. तो आपल्या कुलुपामुळे खदानीवर गेला आहे.

उन्हाळी शिबिर काय असतं, हे मी अमरावतीला शिकलो. १९७५ च्या मे महिन्यात वडिलांनी मला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात नेऊन सोडलं. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली ही संस्था. तिचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. पहाटे शिट्टी, मल्लखांबाला एरंडेलाचा वास, मग पोहणं. तेरा वर्षांचा मी घाबरून काठाला चिकटून बसलो होतो. चौथ्या दिवशी सरांनी पोटाखाली हात धरला आणि मी तरंगलो. तो हात मला अजून आठवतो. पुढं तोच हात मी आपल्या या तलावात शेकडो पोरांच्या पोटाखाली धरला. एका पैशाचं मानधन न घेता, अकरा उन्हाळे. सकाळच्या बॅचला पास संपायचे. बायकांची वेगळी बॅच व्हायची. म्हणे प्रतिसाद नाही!

तलाव बंद पडला तो एका जळालेल्या पंपानं. पंप आला तर फिल्टर बिघडला, फिल्टरला निविदा काढली तर कुणी भरली नाही, मग जीवरक्षकाचं पद मंजूर नाही. आता तळाशी हिरवं पाणी आहे आणि त्यात डासांची पैदास. त्याच तलावाच्या बाहेरच्या भिंतीला मात्र यंदा रंग लागला. रंगाला पैसा मिळतो, कारण त्याचं बिल एकदा निघून मोकळं होतं. क्लोरीन, जीवरक्षकाचा पगार, चौकीदाराची दुसरी पाळी, हे दर महिन्याचं काम. त्यात कुणाचा फोटो येत नाही. राज्यभर असंच चाललं आहे. बांधायला योजना, चालवायला कुणी नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांवर माणसं बुडून गेली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, लहान मुलांना पोहायला शिकवा, धोक्याच्या पाण्याला कुंपण घाला. आपल्याकडे शिकवायच्या पाण्याला कुंपण आणि धोक्याचं पाणी उघडं.

मग दाद मागायची कुणाकडे? ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाग, उद्यान आणि खेळाचं मैदान या सोयी नागरी संस्थांच्या यादीत घातल्या. त्या संस्थेत आज लोकांनी निवडलेला एक माणूस नाही. मुदत संपून वर्षं लोटली, निवडणूक नाही. नगरसेवक कसाही असला तरी रात्री त्याचं दार वाजवता येत होतं. ज्या मंगळवारी माझं पोर खदानीत होतं, त्याच मंगळवारी, ६ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयानं चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढा असा आदेश दिला. आमचा साधा मताचा हक्क मिळवायलाही दिल्लीपर्यंत जावं लागलं. घरपट्टी मात्र मी एका दिवसानंही चुकवलेली नाही.

विदर्भात शाळा २३ जूनला उघडतील. अजून सहा आठवडे आहेत. तलाव तेवढ्यात होणार नसेल, तर निदान उद्यान पहाटे ५ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते १० उघडा. शिबिर मी घेतो, गुडघे दुखले तरी घेतो. खदानीला तारेचं कुंपण आणि एक माणूस या आठवड्यात द्या. त्यासाठी निविदेची वाट बघू नका, कारण पोरं उद्या सकाळीही जाणार आहेत.

सोमवारी पहाटे पाच वाजता मी उद्यानाच्या फाटकाशी हजेरीपट घेऊन उभा राहीन. नातू बरोबर असेल. त्यानं येण्याचं कबूल केलं आहे, फक्त पाण्याचं नाव काढायचं नाही या अटीवर. चौकीदाराला किल्ली घेऊन पाठवा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक